कोण जिंकले आणि कसे जिंकले? : शंकरपट, धुरकरी आणि नोंदवहीतील रिकामा रकाना

१/२४
शंकरपट पाहून परतणाऱ्या माणसांचे बोलणे कधी कान देऊन ऐकले आहे का? आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस-तुरीची कामे उरकत आली की पटाचे दिवस सुरू होतात. एक धाव काही सेकंदांत संपते. तिच्यावरची चर्चा मात्र चहाच्या टपरीवर, एस.टी.त आणि पारावर आठवडाभर चालते. "बैल काय करतीन, हाकलणाराच कच्चा होता!" असे एक म्हणतो. "सुटताना मागं होती, अर्ध्यावर बरोबरीत आली, मंग त्यानंच काढली," असे दुसरा म्हणतो. आजचा धागा या चर्चेविषयी आहे. शर्यत जिंकतो तो नेमका कोण? आणि ती कशी जिंकली, याची नोंद इतिहासात कोणी ठेवली?

२/२४
प्रथम शब्द स्पष्ट करू. महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीचे रूप एकच नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात घाटातला बैलगाडा प्रसिद्ध. त्यात बैलांपुढे घोडीही धावते. सातारा-सांगलीकडे हलक्या गाड्या अनेक चाकोऱ्यांतून एकाच वेळी सुटतात आणि गटागटाने अंतिम फेरीपर्यंत जातात. विदर्भातला प्रकार म्हणजे शंकरपट, बोलीत नुसता 'पट'. दोन बैल, एक हलका छकडा, सरळ धावपट्टी आणि एक हाकणारा. कुठे दोन जोड्या शेजारच्या पट्ट्यांतून धावतात, तर कुठे एकेक जोडी सोडून घड्याळावर वेळ मोजतात. नावातला शंकर बैलाला जवळचाच. नंदी त्याचे वाहन.

३/२४
हाकणाऱ्याला आमच्याकडे 'धुरकरी' म्हणतात. गाडीचा जो लांब दांडा जुवापर्यंत जातो तो धुरा, आणि ज्याच्या हाती गाडी तो धुरकरी. 'संस्थेची धुरा सांभाळली' हा वाक्प्रचार तिथूनच आला. (वऱ्हाडात शेताच्या बांधालाही धुरा म्हणतात, त्यामुळे धुऱ्यावरून झालेले सगळे भांडण शर्यतीचेच असेल असे नाही.) प्रमाण मराठीत 'गाडीवान' हा शब्द आहे, पण त्यात माल वाहणाऱ्याची छटा अधिक. धुरकरी म्हटले की पटावरचा माणूस डोळ्यांसमोर येतो: कासरा मुठीत, पाय छकड्याच्या फळीवर आणि नजर बैलांच्या मानेवर.

४/२४
हा माणूस करतो काय? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ओरडतो. प्रत्यक्षात त्याचे मोठे काम तोल सांभाळण्याचे असते. दुचाकी गाडीत वजन मागे गेले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि जोत्याचा पट्टा बैलांच्या गळ्याला काचतो. वजन फार पुढे आले तर सगळा भार मानेवर बसतो. मालाच्या बंडीत हा तोल पोती रचताना साधतात. छकड्यात पोती नसतात, म्हणून धुरकऱ्याचे शरीर हेच वजन. तो केव्हा वाकतो, केव्हा मागे रेलतो, यावर बैलांना गाडी जड वाटते की हलकी हे ठरते.

५/२४
दुसरे काम जोडीचे. जोडीतले दोन बैल क्वचितच सारखे असतात. एक तापट, सुटताच झेपावणारा, तर दुसरा उशिरा रंगात येणारा. एक पुढे आणि एक मागे राहिला की जू तिरपे होते, गाडी एका बाजूला ओढली जाते आणि सरळ रेषेतली धाव वाकडी होते. कासऱ्याच्या हलक्या ओढीने तापट बैलाला किंचित आवरायचे आणि मंदाला हाकेने पुढे आणायचे, हे त्या काही सेकंदांत करायचे असते. म्हणून जाणकार प्रेक्षक बैलांच्या पायांइतकेच जुवाकडे पाहतात. जू सरळ राहिले तर हात चांगला, अशी त्यांची साधी कसोटी.

६/२४
आता 'मागे टाकणे' म्हणजे काय ते पाहू. मोटारींच्या शर्यतीत मागचा चालक वळणावर आत शिरतो, पुढच्याची वाट अडवतो. पटात प्रत्येकाची पट्टी वेगळी असल्याने अडवणे नाही, शिरणे नाही. धावही छोटी, त्यामुळे सुटताना गमावलेले अंतर भरून काढणे अवघड. म्हणूनच मागून येऊन जिंकलेल्या धावेला रसिकांच्या बोलण्यात वेगळे स्थान असते. आघाडी घेऊन ती टिकवणाऱ्या जोडीचे श्रेय बहुधा बैलांना मिळते. मागून येऊन 'काढलेल्या' जोडीचे श्रेय धुरकऱ्याला. हा भेद कोणत्याही नियमात नाही, तो पाहणाऱ्यांनी तयार केलेला आहे.

७/२४
माझ्या आजोबांना अशा धावा तोंडपाठ होत्या. वर्ष सांगताना ते साल सांगत नसत. 'ज्या वर्षी जवारी काळी पडली' असे म्हणत. पण धाव सांगताना डावा बैल कोणता, उजवा कोणता, जोडी कुठे बरोबरीत आली, हाकणाऱ्याने हाक केव्हा दिली, हे सगळे क्रमवार येई. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात मौखिक साधनांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा मला प्रथम त्यांचीच आठवण झाली. त्यांचे बोलणे मी कधी लिहून घेतले नव्हते. आता ते नाहीत, आणि त्या धावांचा दुसरा पुरावाही नाही. हा धागा लिहिण्याचे एक कारण तेच आहे.

८/२४
बैल जुंपलेल्या रथावर उभा असलेला माणूस महाराष्ट्राला किती जुना परिचित आहे? १९७४ मध्ये प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे चार भरीव धातुशिल्पे सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि त्यावर उभ्या पुरुषाची उंची सुमारे १६ सेंटिमीटर. शिल्पांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. बहुतेक अभ्यासक ती उत्तर हडप्पा काळातली मानतात. हा रथ शर्यतीचा होता असे म्हणण्यास आधार नाही. पण लांब दांडा, जू, दोन बैल आणि तोल सांभाळत उभा असलेला माणूस ही मांडणी आपल्या पटावर आजही ओळखू येते.

९/२४
शर्यतीचा उल्लेख हवा असेल तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ वे सूक्त पाहावे. त्यात मुद्गल नावाच्या ऋषीची आणि त्याच्या पत्नीची, मुद्गलानीची, कथा आहे. रथाला बैल जुंपला आहे, जोडीला 'द्रुघण' म्हणजे लाकडी ओंडका किंवा सोटा आहे, आणि अशा विचित्र जोडीने त्यांनी गायींचा मोठा कळप जिंकला. सूक्त कठीण आहे, अर्थाविषयी वाद पुष्कळ आहेत. पण रथ हाकणारी मुद्गलानी होती, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. म्हणजे आपल्या परंपरेतील नावानिशी ज्ञात अशा अगदी आरंभीच्या धुरकऱ्यांत एक स्त्री आहे. हे लक्षात ठेवा; पुढे उपयोगी पडेल.

१०/२४
वैदिक वाङ्मयात शर्यतीचे दुसरे रूपही आहे. वाजपेय यज्ञात सतरा रथांची धाव असे. पण तिथे जिंकायचे कोणी हे आधीच ठरलेले असे: यजमानाने. इतर रथ धावत ते त्याला विजयी करण्यासाठी. खेळ म्हणून पाहणाऱ्याला यात काही रस वाटणार नाही. कर्मकांड म्हणून मात्र त्याला पूर्ण अर्थ आहे, कारण धावेतून यजमानाचे श्रेष्ठत्व सर्वांसमोर सिद्ध होई. अशा धावेत सारथ्याच्या कौशल्याची नोंद होण्याचे कारणच नव्हते. जिंकणारा कोण, या प्रश्नाला इथे पहिले उत्तर मिळते: ज्याचा यज्ञ, त्याचा विजय.

११/२४
ग्रीसमध्ये उत्तर थोडे वेगळे होते. ऑलिंपिकमधील चार घोड्यांच्या रथशर्यतीत विजयाचा मुकुट सारथ्याला नव्हे, घोड्यांच्या मालकाला मिळे. त्यामुळेच एक विलक्षण गोष्ट घडली. स्त्रियांना तिथे स्पर्धक म्हणून प्रवेश नसताना स्पार्टाच्या राजघराण्यातील किनिस्का इ.स.पू. ३९६ आणि पुन्हा ३९२ मध्ये विजेती ठरली, कारण घोडे तिचे होते. तिने ऑलिंपियात स्मारक उभारले आणि हा मुकुट मिळवणारी ग्रीसमधली एकमेव स्त्री आपण, असे त्यावर कोरवून घेतले. तिचा रथ प्रत्यक्षात हाकणारा कोण होता? त्याचे नाव उरलेले नाही.

१२/२४
याहून बोलके उदाहरण डेल्फीचे. तिथे १८९६ मध्ये सारथ्याचा एक कांस्यपुतळा सापडला. हातात लगामाचे तुकडे, चेहरा शांत, पायाची बोटेसुद्धा बारकाईने घडवलेली. प्राचीन ग्रीक शिल्पकलेतील तो एक श्रेष्ठ नमुना मानला जातो. पुतळा अर्पण करणाऱ्याचे नाव ठाऊक आहे: सिसिलीतील गेला नगराचा शासक पोलिझालोस. रथ त्याचा, विजय त्याचा, शिलालेख त्याचा. ज्याची मूर्ती आज जगभरातून लोक पाहायला येतात, त्या तरुण सारथ्याचे नाव मात्र कोणालाही माहीत नाही.

१३/२४
पटाच्या मैदानावर हे फार परके वाटत नाही. बक्षीस जाते ते जोडीच्या मालकाला, गावाच्या नावासह. बैलांची नावेही ध्वनिक्षेपकावरून दुमदुमतात. चांगल्या बैलाची कीर्ती चार तालुक्यांत पसरते आणि त्याची किंमत वाढते. धुरकरी मात्र अनेकदा आज या मालकासाठी, उद्या त्या मालकासाठी हाकणारा कसबी माणूस असतो. रसिक त्याला ओळखतात, त्याच्या हाताविषयी वाद घालतात. पण कागदावर त्याचे नाव येईलच असे नाही. डेल्फीत जे धातूत घडले, ते आपल्याकडे बक्षिसाच्या फलकावर घडते.

१४/२४
मग धुरकऱ्याला श्रेय देणारे कोणी नव्हतेच का? होते. रोमन साम्राज्य. गायस अपुलेयस डायोक्लीस हा आजच्या पोर्तुगालच्या बाजूचा, लुसिटानिया प्रांतातला सारथी. इ.स. १२२ मध्ये त्याने पहिली शर्यत हाकली. चोवीस वर्षे तो रथ हाकत राहिला आणि बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. इ.स. १४६ च्या सुमारास त्याच्या सन्मानार्थ एक लांबलचक शिलालेख कोरण्यात आला. त्यात त्याच्या शर्यतींची संख्या ४,२५७ आणि विजयांची १,४६२ दिली आहे. हे आकडे थक्क करणारे आहेतच. पण आपल्यासाठी खरी मोलाची गोष्ट त्यापुढे येते.

१५/२४
शिलालेख नुसते विजय मोजत नाही, ते 'कसे' मिळाले हेही मोजतो. आरंभापासून आघाडी घेऊन ८१५. मागून येऊन ६७. प्रतिस्पर्ध्याला पुढे जाऊ देऊन मग मागे टाकून ३६. निरनिराळ्या प्रकारे ४२. आणि अखेरच्या क्षणी हिसकावून घेतलेले ५०२. बेरीज करून पाहा, बरोबर १,४६२ येते. शेवटच्या प्रकारासाठी लॅटिनमध्ये 'एरिपुइत' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थच हिसकावून घेणे. आमच्याकडचा रसिक 'खेचून नेली' म्हणतो, तेव्हा तो जवळजवळ हेच म्हणत असतो.

१६/२४
या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक : इतक्या मोठ्या सारथ्याचेही निम्म्याहून अधिक विजय आरंभीच्या आघाडीचे होते. अखेरच्या क्षणी मागे टाकणे डोळे दिपवते, पण नित्याचे काम चांगल्या सुरुवातीचे असते. दुसरी अधिक महत्त्वाची : हे प्रकार कोणीतरी बसून, पाहून, ठरवून मोजले. म्हणजे रोममध्ये शर्यतीच्या 'पद्धती'ची वर्गवारी होती आणि ती वाचून समजणारा रसिकवर्गही होता. शिलालेखात तर डायोक्लीसची तुलना इतर नामवंत सारथ्यांच्या विक्रमांशी केलेली आहे. पारावरच्या आपल्या वादाला रोममध्ये दगडावर जागा मिळाली.

१७/२४
अर्थात सगळेच रसिक जाणकार नव्हते. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक एका पत्रात तक्रार करतो की, लोकांना घोड्यांच्या वेगात किंवा सारथ्याच्या कौशल्यात रस असता तर समजू शकलो असतो. पण त्यांचे प्रेम संघाच्या रंगीत कापडावर आहे. ऐन शर्यतीत रंगांची अदलाबदल केली, तर हे लोक आपली निष्ठाही तेवढ्यात बदलतील, असे त्याचे म्हणणे. आपल्या गावची जोडी हरली की धावपट्टीला दोष देणारे आणि जिंकली की बैलांचे गुण गाणारे आपल्याकडेही आहेत. तरीही प्लिनीच्या टोमण्यातून एक निकष मिळतो : खरा रसिक तो, जो प्रतिस्पर्ध्याचा चांगला हातही ओळखतो.

१८/२४
आधुनिक मोटारशर्यतीने हा वाद सोडवण्याऐवजी दोन बक्षिसांत वाटून टाकला. फॉर्म्युला वनमध्ये चालकांचे विश्वविजेतेपद १९५० पासून आहे; गाडी बनवणाऱ्यांचे वेगळे विजेतेपद १९५८ पासून. 'गाडी चांगली की चालक' हा प्रश्न मात्र संपला नाही. २०११ मध्ये मागच्या गाडीचा पंखा उघडून हवेचा अडसर कमी करणारी यंत्रणा आली, मागे टाकणे सोपे झाले, आणि अशा ओव्हरटेकला 'खरे' मानायचे का यावर चाहते भांडू लागले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडात भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. ती सेबास्टियन व्हेटेलने जिंकली. श्रेय त्याचे किती आणि रेड बुलच्या गाडीचे किती, हा वाद तेव्हाही झालाच. इथे तर गाडीच्या नावातच बैल होता!

१९/२४
परत बुलढाण्याला येऊ. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि बंड्यांतून दूरवर जाई. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे तिच्यावर आली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि खामगावची कापूसपेठ थेट लोहमार्गाला जोडली गेली. बैलाचे महत्त्व त्याने संपले नाही. लांबचा पल्ला गाडीने घेतला, शेत ते पेठ हे अंतर बंडीकडेच राहिले. चपळ, एकमेकांना शोभणारी जोडी ही शेतकऱ्याची शक्ती होती आणि प्रतिष्ठाही. तिची परीक्षा गावासमोर होण्याची जागा म्हणजे पट.

२०/२४
सरकारी कागदांत या जगाची नोंद एका विशिष्ट पद्धतीने झाली. किती बैल, किती नांगर, किती गाड्या, कोणती जात, किती गाठी कापूस. पशुगणनेचे तक्ते याची साक्ष देतात. पण बैल कसा हाकला गेला, त्याला धावायला कशाने प्रवृत्त केले, हाकेने की काठीने, याला तक्त्यात रकाना नसतो. ती माहिती होती फक्त रसिकांच्या बोलण्यात. तो रकाना रिकामा राहिल्याने काही बिघडते आहे, असे अनेक पिढ्यांना वाटले नाही. मग एक दिवस हाच प्रश्न न्यायालयात उभा राहिला.

२१/२४
११ जुलै २०११ रोजी केंद्राने प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यतींवरील बंदी कायम केली. बैल हा मुळात धावण्याच्या शर्यतीसाठी घडलेला प्राणी नाही, भीती आणि वेदना यांशिवाय तो असा धावत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. शेपूट पिरगाळणे, चावणे, टोचणे यांचे पुरावे न्यायालयासमोर आले होते. शर्यतीच्या समर्थकांचे म्हणणे होते : बैलाला आम्ही लेकरासारखा सांभाळतो, चांगला धुरकरी मारत नाही. वाद पूर्णपणे 'कसे' या शब्दावर आला, आणि नेमकी त्याचीच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची लेखी नोंद नव्हती.

२२/२४
२०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, धावपट्टीच्या लांबीवर १,००० मीटरची मर्यादा, काठी-चाबूक-टोचणी-विजेचा धक्का यांवर बंदी असे नियम आहेत. क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करण्याचीही अट आहे. म्हणजे धुरकऱ्याच्या हाताची पहिली सक्तीची नोंद अखेर कायद्यामुळे सुरू झाली.

२३/२४
आजोबा म्हणत, खऱ्या धुरकऱ्याला पराणी लागत नाही. ही वस्तुस्थिती होती की जुन्या दिवसांवरचे प्रेम? विद्यार्थी म्हणून मला प्रामाणिकपणे म्हणावे लागते की, एका माणसाच्या आठवणीवरून हे सिद्ध होत नाही. आर टोचल्याच्या खुणा असलेले बैल मीही पाहिले आहेत. पण त्यांचे वाक्य आता कसोटीला लागू शकते. हाती काठी नसताना जो जोडी मागून आणतो त्याचा हात चांगला, आणि ज्याची जोडी काठीशिवाय हलत नाही त्याच्या जुन्या विजयांकडे नव्याने पाहावे लागेल. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध शंकरपटात महिलांची वेगळी स्पर्धाही होते. कासरा हाती घेतलेल्या त्या महिला धुरकरी पाहिल्या की मुद्गलानी आठवते. तिचे नाव उरले, कारण कोणीतरी ते सूक्तात घातले. यांची नावे कोण लिहून ठेवणार?

२४/२४
म्हणून एक विनंती. या हंगामात पटाला गेलात तर मोबाईलवर नुसती धूळ आणि गर्दी टिपू नका. चार गोष्टी लिहा : धुरकऱ्याचे नाव व गाव, दोन्ही बैलांची नावे, जोडी आरंभापासून पुढे होती की मागून आली, आणि हाकणाऱ्याने काय वापरले : हाक, कासरा की आणखी काही. चौथी गोष्ट गैरसोयीची असली तरी लिहा. तीच सर्वांत महत्त्वाची. घरात कोणी जुने रसिक असतील तर त्यांच्याजवळ बसून त्यांच्या लक्षात राहिलेली एक धाव उतरवून घ्या. मी उशीर केला, तुम्ही करू नका. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या धुरकऱ्याविषयी खात्रीची माहिती असेल तर त्याच्या संमतीने खाली जरूर लिहा. चूक आढळली तर तीही दाखवा. पुढचा धागा वऱ्हाडच्या बंडी, रेंगी आणि दमणी या गाड्यांवर.